सात झाडांचं कुरण

जायचं मीच मागून घेतलं होतं. जिल्ह्यातली गावं वाढत चालली होती. नगरच्या उत्तरेला नागापूरकडे कारखान्यांच्या जागा आखल्या जात होत्या, राहुरी-श्रीरामपूरकडे पाटाच्या पाण्याबरोबर वस्ती पसरत होती. अशा वेळी कुठली मोकळी, हिरवी जमीन बांधकामापासून राखून ठेवायची याची यादी करण्यासाठी एक समिती नेमली होती. मी बी. ए. होऊन तिथे तात्पुरती लागले होते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. प्रत्येक गावाला निदान एक राई, एक बाग, मुलांना खेळायला सावली असली पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं आणि ते मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवत असे. म्हणून साहेबांनी राहुरीच्या बाजूची पाहणी कोण करील असं विचारलं, तेव्हा मी लगेच हात वर केला. दिवाळी नुकतीच झाली होती, साल एकाहत्तर. बाकीच्यांना घरचा फराळ सोडून हिंडायची हौस नव्हती.

साहेबांनी छापील तक्ते दिले. एका जागेला एक तक्ता. फुटाहून जास्त घेराच्या झाडांची संख्या, झाडांची जात, सावली, पाण्याची सोय आणि शेवटी शेरा.

"गवत मोजत बसू नका हं," ते हसून म्हणाले. "ते पावसाळ्यात माझ्या अंगणातसुद्धा उगवतं."

सगळे हसले. मीही हसले. तिथे मी का हसले ते पुढे येईलच.

बरोबर नाना होते. नाना म्हणजे आमच्या कचेरीतले मोजणीची साखळी धरणारे, पन्नाशीचे, डोक्याला मफलर, पिशवीत कायम चिवडा. आम्ही सकाळच्या एस. टी.ने नगरहून निघालो. राहुरीपर्यंतचं तिकीट दोन रुपयांच्या आत आहे. डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर बघा, सकाळचं ऊन तोंडावर येत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुने वड आहेत. काही ठिकाणी त्यांच्या फांद्या वरती एकमेकांना टेकल्यात आणि गाडी त्या सावलीतून जाताना सगळे प्रवासी आपोआप बोलायचे थांबतात. मी झाडं मोजत होते. नाना म्हणाले, "बाई, चालत्या गाडीतनं मोजलेली झाडं कचेरीत चालत नाहीत. चिवडा खा."

पहिला दिवस राहुरीत गेला. ऊस, गुऱ्हाळाचा वास आणि चहाही गुळाचा. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ चांगली मिळते, पण पाव दुपारी बारानंतर संपतो. मुळेच्या धरणाकडे जायला टांगा किंवा कुणाची तरी बैलगाडी पाहावी लागते. आम्ही पाटाच्या कडेची झाडं मोजून तीन तक्ते भरले आणि शाळेच्या एका खोलीत मुक्काम केला. नानांनी बाहेर ओसरीवर अंथरूण टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुळेच्या काठाने वर चालत एक देवीची राई पाहिली. ही मात्र जरूर पाहावी. वाट दोन तासांची, पाणी बरोबर न्यावं, आणि राईत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. आत भर दुपारी सांजवेळेसारखा उजेड. तिथली पडलेली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. झाडं दोनशेच्या वर भरली. तक्ता असा सुरेख भरला की रकाने कमी पडले. शेऱ्यात मी चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन तर मला पाठ आहेत. परत येताना माझे पाय दुखत होते आणि मी फार आनंदात होते. आपण जन्माला आलो ते याच कामासाठी, असं काहीतरी मी नानांना म्हणालेसुद्धा. नाना म्हणाले, "व्हय, पण उद्या कुसळवाडी हाय. तिथं नुसता माळ."

कुसळवाडी नगरच्या बाजूला परत येताना लागते. मोठ्या रस्त्यावर उतरून तासभर चढ. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. गावात माणूस नव्हतं. दारं ओढून घेतलेली, ओट्यावर एक म्हातारा तेवढा होता. "समदी कुरनात हायेत," तो म्हणाला. "आज कुरन फुटनार."

आम्ही वर गेलो आणि मी थांबले. टेकडीच्या उतारावर कमरेइतकं गवत उभं होतं, वाळून सोनेरी झालेलं, मध्येच तांबूस पट्टे. वाऱ्याने ते एकदम एका कुशीला वळायचं. आजूबाजूचे सगळे माळ चरून उघडे पडले होते आणि हे मधोमध असं भरलेलं. मारवेल, पवना, डोंगरी, कडेला कुसळी. मी मनातल्या मनात नावं घेतली. ती नावं मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेली नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी आई गवत विकते. श्रीरामपूरच्या स्टेशनबाहेर टांग्यांच्या घोड्यांना ती गेली वीस वर्षं पेंढ्या विकते आहे. वडील मी लहान असताना गेले. शाळेच्या आधी आणि नंतर मी तिच्याबरोबर गवत कापलं, बांधलं, डोक्यावरून वाहिलं. देवळातल्या मंडळींनी आणि मिशनच्या बाईंनी हात दिला म्हणून कॉलेज झालं. पण कचेरीत पहिल्याच दिवशी कुणी विचारलं, "आई काय करतात?" तर मी म्हणाले, "शाळेत आहेत." पुढे ते बदलायचं राहून गेलं.

कुरणाच्या कडेला सगळं गाव जमलं होतं. गावच्या पाटलांनी आमच्यासाठी खुर्ची मागवली, म्हणजे एक खुर्ची, ती मला. त्यांनी रीत समजावून सांगितली. आषाढात कुरण बंद होतं. मग दिवाळी होईपर्यंत आत ना जनावर जात ना विळा. एखाद्याचा बैल शिरला तर धन्याने मारुतीपुढे नारळ ठेवायचा आणि एक दिवस राखणीला बसायचं, मग तो पाटील असला तरी. दिवाळीनंतर दिवस ठरवून दोरीने पट्टे पाडायचे. प्रत्येक घराला एक दोरी रुंदीचा पट्टा, कमी नाही, जास्त नाही. जमीन असलेल्याला तेवढाच आणि नसलेल्याला तेवढाच.

"आन पयली मूठ," पाटील म्हणाले, "ज्या घरी औत न्हाई, त्या घरच्या बाईनं कापायची. त्याबिगर कुनी विळा लावायचा न्हाई."

ती बाई भागाबाई. साठीच्या पुढची, काटकुळी, नवरा नाही, जमीन नाही, एक म्हैस आणि एक नात. तिने विळा कपाळाला लावला, वाकली आणि पहिली मूठ कापली. लगेच सगळीकडून विळ्यांचा खसखस आवाज सुरू झाला. बाया बोलत होत्या, एकमेकींना खिजवत होत्या.

"आगं सुंदे, दोरीच्या पल्याड गेलीस!"

"वाऱ्यानं गवात हिकडं आलं, मी काय करू?"

"वाऱ्याला बी तुजाच पट्टा गावतो व्हय दरसाली!"

मी तक्ता घेऊन पट्ट्यापट्ट्यातून हिंडत होते. भागाबाईने मान वर केली आणि विळा माझ्यापुढे धरला. "बाईसायेब, दोन मुठी कापता का? हातातल्या बांगड्या तर वाजू द्या." सगळ्या हसल्या.

मी गमतीने विळा घेतला. पुढचं माझ्या हाताने केलं. डाव्या मुठीत गवत धरून बुडाशी कापलं, पाच-सहा मुठी झाल्या तशा गुडघ्याखाली दाबल्या, चार काड्यांना पीळ देऊन बंध केला, फिरवून आत खोचला. पेंढी खाली टाकली तेव्हा आजूबाजूच्या बाया थांबल्या होत्या.

भागाबाईने पेंढी उचलून हलवली. एक काडी सुटली नाही. "आगं बया," ती म्हणाली, आणि तिचं "बाईसायेब" गळूनच पडलं. "ही तर आपल्यातली निघाली! कुनाची गं तू?"

दहा पावलांवर नाना उभे होते. त्यांच्या हातात साखळी होती आणि ते आमच्याकडेच बघत होते. नाना सोमवारी कचेरीत सगळं सांगतात, चिवड्यासकट.

"नाही हो," मी म्हणाले. "आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं."

"कालेजात गवात कापाया शिकिवत्यात?"

"हो. थोडंफार."

"मंग माज्या नातीलाबी घाला तसल्या कालेजात," भागाबाई म्हणाली. "ती चौथीपसनं पास हाय ह्यात!"

बाया पोट धरून हसल्या. नानाही हसले. भागाबाईही हसली, पण हसता हसता माझ्याकडे पाहिलं, मग पेंढी आपल्या ढिगावर ठेवली आणि पुन्हा वाकून कापायला लागली. नंतर ती मला "बाईसायेब" म्हणाली नाही आणि "गं"ही म्हणाली नाही.

दुपारी लिंबाखाली बसून मी तक्ता भरला. झाडं सात: लिंब चार, बोरी दोन, पळस एक. सावली अपुरी. पाण्याची सोय नाही. शेरा आला तेव्हा मी थांबले. आता खरं लिहायचं तर काय लिहायचं, हे मला पक्कं माहीत होतं. आजूबाजूचा माळ आणि हे कुरण यांत काय फरक आहे, तो कुणी राखला, मारवेल एकदा मोडलं तर किती वर्षं परत येत नाही, उन्हाळ्यात इथली जनावरं कशावर उभी राहतात. सगळं चार ओळींत मावलं असतं. पण त्याखाली माझं नाव येणार, साहेब विचारणार की हे तुम्हाला कसं ठाऊक, आणि नाना तिथेच उभे असणार.

"शेरा रिकामा ठेवू नका बाई," नाना म्हणाले. "साहेब चिडतात."

मी लिहिलं, "झाडोरा नाही. गवताळ माळ."

निघताना पाटील वेशीपर्यंत आले. "खाली कारखान्याच्या बाजूनं मोजनीवाले सारखे येत्यात बाईसायेब. कागदावर आमचं कुरन ऱ्हाईल नव्हं?"

"सगळं नियमाप्रमाणे होईल," मी म्हणाले.

"मंग काळजी न्हाई. तुमच्यासारकी शिकलेली मानसं बघाया आली म्हनून बरं वाटलं."

त्यांनी आम्हाला भाकरी, ठेचा आणि दह्याचं मडकं बांधून दिलं होतं. ते दही मी खाल्लं. फार गोड होतं, आणि जो कुसळवाडीला जाईल त्याने ते खाल्ल्याशिवाय येऊ नये, असं मी एरवी लिहिलं असतं.

नगरला पोहोचल्यावर नाना सगळे तक्ते घेऊन कचेरीत गेले. मला रविवारची रजा होती. मी संध्याकाळची पॅसेंजर पकडली. श्रीरामपूरला जायचं तर बेलापूर स्टेशनचं तिकीट काढावं लागतं, नवख्यांची इथे गडबड होते. गाडी एक तास उशिरा पोहोचली. बाहेर टांगे लागले होते आणि आई शेवटच्या दोन पेंढ्या घेऊन उभी होती. एक टांगेवाला ओरडला, "मावशे, लेक आली बघ, सायबीन!" आईने पेंढ्या त्याच्या घोड्यापुढे टाकल्या आणि माझी पिशवी घेतली. मी ती घेऊ दिली.

घरी तिने माझ्या पदराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढली. "कुटं गेल्तीस? ही रुळाकडची न्हाईत."

मी तिला कुरणाचं सांगितलं. दोरीचं, बंदीचं, पहिल्या मुठीचं सगळं. ती काम थांबवून ऐकत राहिली. मी तिला इतकं लक्ष देऊन ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा नाही.

"मारवेल हुतं?"

"भरपूर."

"पवना?"

"तोही."

"कमरंइतका?" तिने हात कमरेला लावला. मी मान हलवली. "आन कुनी हाकलत न्हाई तिथल्या बायांना?"

आई रोज पहाटे रेल्वेच्या रुळाकडेला गवत कापते. गँगमन आला की विळा लपवून पळायचं असतं. एकदा त्याने तिचा विळा घेतला तेव्हा मी तिच्याबरोबर होते, सातवीत. त्याला "काका, द्या ना" असं मीच म्हणाले होते.

"कुणी हाकलत नाही," मी म्हणाले. "त्यांचंच आहे ते."

"झ्याक लिवलं असशील तू त्याच्यावर," आई म्हणाली. "तुला म्हायती हाय समदं. दुसरं कुनी असतं तर त्याला काय कळलं असतं?"

"हो," मी म्हणाले. "लिहिलं."

सोमवारी मी कचेरी उघडायच्या आधी दाराशी उभी होते. साहेब आले, तसं मी सांगितलं की कुसळवाडीचा तक्ता चुकला आहे.

"झाडं कमी मोजलीत?"

"नाही. झाडं सातच आहेत. पण ते राखलेलं कुरण आहे. ती जागा यादीत यायला हवी."

"हे कशावरून म्हणता?"

नाना टेबलाजवळ मफलर सोडत होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "माझी आई गवत विकते. मीही कापलंय. ती शाळेत नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते जरा हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही तिथेच शेऱ्यात लिहायचं होतं. मी वाचलं असतं. नानांनी परवा तक्ते आणले, त्यांवरून काल सुट्टीतही बसून नकाशा रंगवला, आज पहाटेच्या गाडीने तो पुढे गेला. झाडोरा नाही म्हटल्यावर आम्ही तो भाग पिवळा केला." पिवळा म्हणजे बांधकामाला मोकळा. त्यांनी मला एक कोरा कागद दिला. त्यावर मी कुरणाबद्दल सगळं लिहिलं, दोन पानं, खाली नाव आणि ते मला कसं ठाऊक तेही. त्यांनी ते पुढे पाठवलं. त्याची पोच आली. बाकी काही आलं नाही.

नाना नंतर माझ्याजवळ आले आणि चिवड्याची पिशवी पुढे केली. "माझी आई रानातली पोपटीची फळं येचून इकायची," ते म्हणाले. "म्या बी हितं कुनाला सांगितलं न्हाई." मला रडू आलं. पण त्यामुळे कुसळवाडीचं काही झालं नाही.

पावसाळ्याआधी कुरणात बांधकामाच्या हद्दीचे दगड रोवले गेले. मला कचेरीतच कळलं, कारण नव्या पट्ट्यांचा नकाशा आमच्याकडेच आला होता. त्यात माझी सात झाडं ठिपक्यांनी दाखवली होती, पैकी चार राखायची असा शेरा होता. तो शेरा कुणाचा ते मला ठाऊक नाही. यंदा पाऊसही नाही. सगळीकडे जनावरांचे हाल आहेत. आईच्या पेंढीला टांगेवाले पूर्वी घासाघीस करायचे, आता करत नाहीत, कारण पेंढीच नसते.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. आई विळ्याला धार लावत होती. म्हणाली, "दिवाळी झाली की मला न्हे एकदा त्या कुरनाला. नुसतं बघीन. पयली मूठ कापताना."

मी तिला सांगितलं. तक्त्यावर काय लिहिलं ते, भागाबाईला काय म्हणाले ते, कचेरीत ती शाळेत आहे असं सांगितलं होतं तेही. खूप दिवस घोळवून ठेवलेलं सगळं बोलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आई धार लावत राहिली. "शाळेत काय काम करते म्हनून सांगितलंस?" तिने मध्येच विचारलं.

"ते कुणी विचारलं नाही."

तिने विळा अंगठ्यावर पाहिला आणि खाली ठेवला. ती रागावेल किंवा रडेल असं मला वाटलं होतं. दोन्ही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मंग त्या बाया आता कुटं जात्यात?" ती म्हणाली.

"कुठल्या?"

"कुरनातल्या. ती म्हशीवाली म्हातारी. गवताला कुटं जाती आता?"

मला माहीत नव्हतं. मी दोन पानं लिहिली होती, पोच जपून ठेवली होती, साहेबांसमोर खरं बोलले याचं मनातल्या मनात थोडं कौतुकही केलं होतं. पण हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पडायला रुळाकडेने विळा लपवून पळालेली बाई लागली.

"जाऊन इचारून ये," आई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

त्यानंतर दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी मला ताप होता. दुसऱ्या रविवारी नव्हता. कुसळवाडीला जाणं आता सोपं झालं आहे. चढाचा रस्ता रुंद केला आहे आणि एस. टी. थेट वरपर्यंत जाते. नगरहून पहिली गाडी सकाळी सातला असते.